आपल्या फोनमधली दुसऱ्यांची नावं

२०२२ सालच्या मे महिन्यात एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. माझ्या चुलतभावाच्या मुलाचं नाव घेऊन त्यानं विचारलं, "याला ओळखता ना?" मी हो म्हटलं. "त्यानं कर्ज घेतलंय आणि हप्ता थकवलाय. संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर त्याचे फोटो गावभर करीन." नुसती धमकी असेल असं मला वाटलं. तासाभरात व्हॉट्सॲपवर फोटो येऊन पडला. चेहरा आमच्या पोराचा आणि बाकी शरीर भलत्याच कुणाचं. दिवेलागणीपर्यंत तोच फोटो त्याच्या जुन्या शिक्षकांना, दूधवाल्याला, आत्याच्या सासरी आणि ज्या घरी लग्नाची बोलणी चालली होती त्या घरीही पोचला होता. कर्ज आठ हजारांचं. त्यातले हातात पडले होते पाच हजार दोनशे.

पोरगा आठ दिवस घराबाहेर पडला नाही. त्याच्या आईनं तर कुणाचा फोन घेणंच सोडलं. नवव्या दिवशी मी त्याच्याजवळ बसलो आणि त्याचा फोन हातात घेतला. ॲप पहिल्यांदा उघडलं तेव्हा एक छोटी चौकट आली होती, कॉन्टॅक्ट्स बघू द्यायचे का, आणि त्यानं 'अलाऊ' दाबलं होतं. बस, एवढंच. त्या एका दाबण्यानं चारशेबारा नावं कुठल्यातरी कचेरीत जाऊन पडली. त्यांत माझंही नाव होतं, नात्यासकट. त्यानं माझा नंबर 'काका' म्हणून ठेवला होता, आणि फोनवरचा माणूसही मला शेवटपर्यंत 'काका'च म्हणत राहिला.

मी कधी कर्ज काढलं नाही आणि ते ॲपही कधी पाहिलं नाही. माझा फोन मी जपून वापरतो, कुणाच्या हातात देत नाही. तरीही माझा नंबर आणि माझं नातं त्यांच्या हाती लागलं, कारण ते दुसऱ्याच्या फोनमध्ये होतं आणि त्याच्याकडून ते गेलं. त्या दिवसापासून या विषयाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. तोवर मीही सगळ्यांसारखं म्हणत होतो की ज्याचा फोन, त्याचा प्रश्न. तसं नाही. माझ्या फोनमध्ये जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त दुसऱ्यांचं आहे. त्यांचे नंबर आहेत, त्यांच्या पोरांचे फोटो आहेत, त्यांनी रात्री अकरा वाजता विश्वासानं पाठवलेले मेसेज आहेत. हे पुस्तक लिहायला मी बसलो तो या एका गोष्टीपायी.

आमच्या पोराची गत काही त्याच्या एकट्याची नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटानं २०२१च्या पहिल्या दोन महिन्यांत ८१ ॲप स्टोअर चाळून कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप शोधली, आणि त्यांतली ६०० बेकायदा निघाली. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनबुक, कॉल लॉग आणि फाइली यांना हात लावायचा नाही. गूगलनं आपल्या प्ले स्टोअरवरच्या कर्ज ॲपना अशीच बंदी घातली ती ३१ मे २०२३ पासून. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत. पण फोनबुक हे तारण म्हणून चालतं, माणसाला त्याच्या माणसांसमोर नागवं करता येतं, हे सावकारांना आधी कळलं आणि आपल्याला नंतर, हे विसरून चालणार नाही.

२०२२ च्याच दिवाळीनंतर मी कराडच्या एका वाचनालयात शनिवारी संध्याकाळी बसायला लागलो. फलक साधा होता : 'फोनबद्दल शंका असेल तर या.' पहिल्या शनिवारी दोघं आले. चार महिन्यांनी खुर्च्या कमी पडू लागल्या. निवृत्त शिक्षक येत, बचत गटाच्या बाया येत, कॉलेजची पोरं येत, एक एसटीचे कंडक्टर तर ड्यूटी संपवून खाकीतच येत. शिकवायच्या हेतूनं मी गेलो होतो, पण खरं सांगायचं तर ऐकलंच जास्त. लोकांची मतं ठाम असतात आणि त्या मतांच्या मागे काहीतरी अनुभव असतो. या पुस्तकातली प्रकरणं त्या मतांवरूनच पडली आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक मत आहे, बोलणाऱ्याच्याच शब्दांत.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं मत म्हणजे, "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" हे म्हणणारा माणूस बहुधा सरळ असतो आणि आपल्या सरळपणाचा त्याला अभिमान असतो, तो योग्यही आहे. त्याला उलट उत्तर देऊन गप्प करणं मला कधी जमलं नाही आणि जमवायचंही नव्हतं. मी त्याला एका जुन्या शब्दाची आठवण करून द्यायचो. खासगी. हा शब्द आपल्याकडे कुठल्या इंग्रजी शब्दाचा तर्जुमा म्हणून आलेला नाही. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन हिशेब वेगळे असत. दौलत राज्याची, खासगी राणीच्या हक्काच्या उत्पन्नाची. अहिल्याबाईंनी देशभर जे घाट आणि देवळं बांधली त्यांतलं पुष्कळसं काम या खासगीतून झालं. पुण्यातलं खासगीवाले हे आडनावही पेशव्यांच्या खासगीचा कारभार पाहण्यावरूनच पडलेलं. आता यात लपवलेलं काय होतं? काहीच नाही. घाट तर गंगेच्या काठी उघड्यावर उभे आहेत. खासगी म्हणजे गुप्त नव्हे. खासगी म्हणजे ज्यावर हुकूम कुणाचा चालतो ते ठरलेलं आहे असं. माझी पगाराची रक्कम शेजाऱ्याला ठाऊक असेल, पण ती मी सांगितली म्हणून ठाऊक असणं आणि त्यानं माझं पासबुक उघडून पाहिल्यामुळे ठाऊक असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

काहीजण म्हणतात की आपण चाळीत, वाड्यात वाढलेली माणसं, आपल्याला कुठलं आलंय खासगी? मला हे पटत नाही. चाळीत दारं दिवसभर उघडी असत आणि कुणाच्या घरी काय शिजलं हे सगळ्या मजल्याला कळे, हे खरं. पण दुसऱ्याच्या नावाचं पत्र तिथे कुणी फोडत नसे. कोकणातल्या गावी मुंबईहून गिरणीकामगार नवऱ्याचं पत्र आलं की अक्षरओळख नसलेली बायको ते मास्तरांकडून नाहीतर पोस्टमनकडून वाचून घेई. वाचणाऱ्याला सगळं कळे आणि तो ते पोटात ठेवी. अख्खं गाव त्या विश्वासावर चालत होतं. आपली आजची पत्रं जी कंपनी वाहून नेते तिच्याकडून निदान त्या पोस्टमनएवढी अपेक्षा ठेवली तर ती जास्त होत नाही.

दुसरं मत बायकांच्या तोंडून जास्त ऐकलं : "फोन आपलं बोलणं ऐकतो." एक बाई म्हणाल्या, बहिणीशी कुकरबद्दल बोलले आणि संध्याकाळी कुकरचीच जाहिरात. त्यांना मी खोटं पाडलं नाही, कारण जाहिरात आली हे खरंच होतं. पण अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा चोरून आवाज टिपून पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप मात्र स्क्रीनवर चाललेल्या गोष्टींचं चित्रण करून बाहेर पाठवताना सापडली. मग कुकर कुठून आला? बाईंच्या बहिणीनं दुपारी त्यांच्याच घरच्या वायफायवर कुकरच्या किमती पाहिल्या होत्या. दोघींचे फोन एका छपराखाली, एका वायफायवर. एकीनं शोधलं, दुसरीला दिसलं. ऐकायची गरजच उरत नाही. शिवाय कपड्यांच्या दुकानात बिल करताना "मोबाइल नंबर सांगा" म्हणतात, तो आपण सांगतो. दुकानं आपल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी जाहिरातीच्या कंपन्यांना देऊ शकतात आणि तिथे ती आपल्या खात्याशी जुळवली जाते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलं होतं की गिऱ्हाइकावर नंबराची सक्ती करू नका. तेव्हा काउंटरवर "नंबर देत नाही, बिल द्या" असं म्हणायला आपण मोकळे आहोत. माझ्या शनिवारच्या मंडळींपैकी कितीतरी जणांनी हे पहिल्यांदा म्हणून पाहिलं आणि बिल मिळालं.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण या दुकानाचं नाव या विषयात कुणी घेत नाही. शाळेचा प्रवेश असो, पीकविमा असो की उत्पन्नाचा दाखला, कागद काढायचा तर माणूस आधी झेरॉक्सवाल्याकडे जातो. पूर्वी मूळ कागद नेऊन प्रत काढून आणायची. आता काउंटरवर एक नंबर लिहिलेला असतो, त्यावर आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सॲप करायचा आणि तो छापून देतो. आमच्याकडे येणाऱ्या एका दुकानदारानं, तो माणूस सज्जन म्हणूनच, मला त्याचा फोन उघडून दाखवला. बोटानं वर सरकवत गेलो तरी संपेना. आधार, पॅन, रेशनकार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, लेकींच्या जन्माचे दाखले, कुणाच्या तरी घटस्फोटाचा कोर्टाचा कागद. तीन वर्षांचे. "काढून टाकायचं कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. त्या फोनचं लॉक चार आकडी होतं आणि दुकानातल्या दोन्ही पोरांना ते पाठ होतं. त्या संध्याकाळी तिघांनी बसून तीन वर्षांची साफसफाई केली, दोन तास लागले. आता त्याच्या काउंटरवर पाटी आहे की छापून झाल्यावर फाइल तुमच्यासमोर काढली जाईल.

झेरॉक्सच्या दुकानावरच्या प्रकरणात मी मास्क केलेल्या आधारबद्दलही सविस्तर लिहिलं आहे. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि आधारच्या संकेतस्थळावरून ते फुकट मिळतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयानं लोकांना सांगितलं होतं की आधारची झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, मास्क केलेलं द्या. दोनच दिवसांत सरकारनं ते पत्रक मागे घेतलं, चुकीचा अर्थ निघू शकतो म्हणून. माझ्या मते पत्रकातला सल्ला योग्य होता आणि तो मागे घ्यायला नको होता.

आता व्हॉट्सॲप. एप्रिल २०१६ पासून तिथले संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतात, मधे कंपनीलाही वाचता येत नाहीत. हे खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. पण कोण कुणाशी किती वाजता बोललं हे कंपनीला कळू शकतं. आणि गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या बॅकअपला असं कुलूप ऑक्टोबर २०२१ पर्यंत लावताच येत नव्हतं. आजही ते आपणहून चालू करावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं नव्या अटी पुढे केल्या तेव्हा घरोघरी चर्चा झाली आणि पुष्कळांनी सिग्नल हे दुसरं ॲप उतरवून घेतलं. सिग्नलची एक गोष्ट मी प्रत्येक शनिवारी सांगत असे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन आदेशानं त्यांच्याकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली. त्यांना देता आलं ते एवढंच : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही त्यांनी ठेवलेलंच नव्हतं. माहिती जपण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

तरीही आमच्यातले बहुतेक जण महिनाभरात व्हॉट्सॲपवर परतले, आणि त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. शाळेचा गृहपाठ तिथे येतो, सोसायटीची पाण्याची वेळ तिथे कळते, पुण्याला राहणारी सून नातवाचा फोटो तिथे टाकते. एकट्यानं बाहेर पडलं तर माणूस माणसांतून बाहेर पडतो. म्हणून या पुस्तकात 'हे ॲप काढून टाका' असा सल्ला फारसा मिळणार नाही. बॅकअपला कुलूप कसं लावायचं, ग्रुपमध्ये कुणी आपल्याला परस्पर घालू नये यासाठी काय करायचं, आणि घरातल्या चार माणसांचं बोलणं तरी सिग्नलवर कसं न्यायचं, हे मिळेल.

सुरक्षित फोनप्रणालीबद्दलचं प्रकरण लांबलं आहे. पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा सुट्टीत गावी आला की आमच्याकडे यायचा. त्यानं गूगलचा जुना पिक्सेल फोन घेऊन त्यावर ग्राफीनओएस नावाची प्रणाली बसवली होती. मंडळींनी लगेच विचारलं, "असं काय करतोस रे, की एवढं लपवावं लागतं?" त्यानं उत्तर न देता फोन सगळ्यांच्या हातात फिरवला. एका ॲपनं फोनबुक मागितलं. त्यानं ते नाकारलं नाही, पण त्या ॲपपुढे फक्त दोन नावं ठेवली. ॲपला वाटलं की याच्या ओळखीची माणसंच दोन. आमच्या कर्जवाल्या पोराकडे ही सोय त्या दिवशी असती, तर काकाही वाचला असता आणि आत्याही. प्रत्येक ॲपचं इंटरनेट वेगळं तोडता येतं, हेही त्यानं दाखवलं. बराच वेळ कुणी उघडला नाही की तो फोन आपोआप पुन्हा सुरू होतो, म्हणजे चोरीला गेला तर आतलं सगळं पुन्हा कुलपात जातं. अँड्रॉइडचा मूळ गाभा खुला आहे, कुणीही घेऊन त्यावर काम करावं असा, म्हणूनच हे घडू शकलं.

अडचणीही त्याच मुलानं सांगितल्या. ही प्रणाली पिक्सेलवरच चालते, कारण सुरक्षेच्या तिच्या अटी इतर फोन पुऱ्या करत नाहीत. काही बँकांची ॲप अशा फोनवर उघडायलाच नकार देतात. आणि पिक्सेल स्वस्त नाही. आपल्याकडे दहा-बारा हजारांचा फोन घेणाऱ्याला त्यात आधीपासून भरलेली, पुसता न येणारी ॲप मिळतात आणि पुष्कळदा दोन-तीन वर्षांत सुरक्षेचे अपडेट थांबतात. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची माणसं सुरक्षित आणि ज्यानं हप्त्यावर फोन घेतला त्याची उघड्यावर, हे मला मान्य नाही. फोन विकणाऱ्यानं पाच वर्षं अपडेट दिलेच पाहिजेत, असं सरकारनं सांगायला हवं.

सरकारचा विषय निघालाच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातलं प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाच्या स्वातंत्र्याविरुद्ध लागलेल्या निकालात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड बहुमताच्या बाजूनं होते. तो निकाल मुलानं आपल्या निकालपत्रात चूक ठरवला. मराठी घरातली ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत शिकवावी इतकी मोठी आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. कंपन्यांना २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट त्यात मोठी ठेवली आहे, आणि माहिती अधिकाराच्या कायद्यातलं एक कलमही त्यानं बदललं. आधी जनहित असेल तर व्यक्तीविषयीची माहिती मिळण्याचा रस्ता त्या कलमातच होता, तो तिथून गेला. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ चा, आणि महाराष्ट्रानं आपला त्याआधीच केला होता. म्हणून हा बदल इथे जास्त लागतो. पदावरच्या माणसाचा सरकारी कारभार ही त्याची खासगी नव्हे, ती दौलत आहे, आणि तिचा हिशेब लोकांना मिळाला पाहिजे.

लोक बोलले तर फरक पडतो, याचं ताजं उदाहरणही आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार खात्यानं प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीच भरून देण्याची सक्ती केली. हरवलेला फोन शोधायला ते उपयोगी आहे. पण सक्तीला देशभर विरोध झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ती मागे घेतली गेली.

माहिती संरक्षणाच्या कायद्यातली एक गोष्ट मात्र वाचकानं नीट ध्यानात घ्यावी. स्वतःच्या आणि घरगुती कामासाठी माणूस जी माहिती बाळगतो, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे तुमच्या फोनबुकातली चारशे माणसं तुमच्या हातून कुणाच्या स्वाधीन झाली, तर त्यांना तुमच्याविरुद्ध या कायद्याखाली कुठे जाता येणार नाही. कायद्यानं ते तुमच्यावर सोडलं आहे. तेव्हा पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडण्याआधी फोन हातात घ्या, अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी आणि त्यात परमिशन मॅनेजर उघडा, आणि कॉन्टॅक्ट्सवर बोट ठेवा. कुणाकुणाला परवानगी दिली आहे ते दिसेल. आमच्या वाचनालयातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या फोनमध्ये ती सत्तावीस ॲपना होती. त्यांत एक बॅटरीचं होतं आणि एक पंचांगाचं.

या पुस्तकात ज्यांच्या हकिकती आहेत त्यांची नावं, गावं, धंदे मी बदलले आहेत. छापण्याआधी प्रत्येकाला त्याचं पान वाचून दाखवलं आणि विचारलं. माझ्या पुतण्यानं दोन दिवस विचार करून हो म्हटलं. तिघांनी नको म्हटलं. त्या तिघांच्या हकिकती या पुस्तकात नाहीत.